सैल गुंडाळी

माझ्या धाकट्या भावानं तांदळाचा पहिला कागद थंड पाण्यात बुडवला आणि तो बुडबुडे थांबायची वाट बघत उभा राहिला. कागदातून बुडबुडे कुठले यायला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो स्वतःच वाकून परातीत डोकावला.

"ताई, हा गेला."

गेलाच होता. काचेच्या तबकडीसारखा कडक, गोल, आरपार दिसणारा, पापडासारखा खायचा तो कागद. त्याचा शेंबूड झाला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही आणि शोधायचाही नाही.

बुडबुड्यांचं कारण सांगते. भावाचं सगळं आयुष्य हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालण्यात गेलं. प्लास्टरची पट्टी म्हणजे पांढरी पूड माखलेल्या जाळीदार कापडाची गुंडाळी. ती पाण्यात धरली की आतली हवा बुडबुडत बाहेर येते. बुडबुडे थांबले की पट्टी भिजली. मग काढून हलकेच दाबायची आणि मोडलेल्या हातापायावर फिरवत न्यायची. पाणी थंड, कारण गरम पाण्यात प्लास्टर भराभर घट्ट होतं आणि हाताला सवड मिळत नाही. आता तांदळाच्या कागदाचं सगळंच उलटं. पाणी कोमट हवं, आणि तो कडक आहे तोवरच बाहेर काढायचा. उरलेला मऊपणा त्याला ओट्यावर पडल्या पडल्या येतो. वाट बघितली की संपलं.

"हे तुला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

"पाकिटाच्या मागे छापलंय. तू पाकीट बघितलंस कुठे? गिलावा करायला निघाल्यासारखा बाह्या सरसावून उभा राहिलास."

दवाखान्यात त्याला गिलावाच म्हणत. प्लास्टर घालतो म्हणून गिलावा. मोठे डॉक्टरसुद्धा व्हरांड्यात उभं राहून ओरडायचे, "गिलावा कुठे गेला? दोन भिंती पडल्यात!" तो हसत हसत यायचा. त्या दिवसांत तो फार हसायचा. त्याच्या हाताला दवाखान्यात तोड नव्हती. प्लास्टर असं गुळगुळीत, की रोग्यांना त्यावर सही घ्यायला जिवावर येई. काम झालं की प्रत्येकाला एकच धडा ऐकवायचा. बोटाचं नख दाबायचं, सोडायचं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, बोटं सुजली, बधिर झाली, तर जेवणाच्या ताटावरून उठून या. "वाट बघू नका. प्लास्टर परत घालता येतं, हात परत घालता येत नाही." हे वाक्य त्यानं किती लोकांना सांगितलं असेल देव जाणे.

त्या दिवशी आम्ही दोघं म्हातारी माणसं त्याच्या स्वयंपाकघरात परदेशी कागद भिजवत का बसलो होतो, ते आता सांगते. त्याची मुलगी येणार होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, म्हणजे म्हणायचो. लहानपणी एका जागी ठरायची नाही. दूरच्या शहरात नकाशे काढण्याच्या कचेरीत ती काम करते. कचेरीनंच तिला एका दिवसासाठी आमच्या गावी पाठवलं होतं. तिनं बापाला फोन केला. "दुपारी येईन, संध्याकाळची गाडी आहे. माझं खाणं मी घेऊन येते, बाबा. काही करत बसू नका."

फोन ठेवून तो जिना चढून माझ्याकडे आला. मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. दम खात म्हणाला, "ती माझ्या घरचं खात नाही."

"ती वीगन आहे. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. एवढं वगळून तुझ्या घरात राहतं काय?"

"पाणी राहतं. मागच्या वेळी पाणीही स्वतःच्या बाटलीतलंच प्यायली."

मागची वेळ म्हणजे माझी भावजय गेली तेव्हाची. पोरगी आईच्या शेवटच्या आजारातच आली होती, सगळं होईपर्यंत थांबली, आणि शेवटी जिन्याच्या पायरीवर बसून स्वतःच्या डब्यातला पाव खाल्ला. आत ये म्हणाले तर म्हणाली, "इथे वारा आहे, आत्या." वारा कसला! जिन्यात आमच्याकडे माशीसुद्धा गुदमरते.

मी बी.एस्सी. आहे, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली आहे, आणि कोड्यात बोलणं मला सोसत नाही. सरळ भिंगरीला फोन लावला. "तू तिकडे खातेस तरी काय?"

ती म्हणाली, व्हिएतनामी रोल. तांदळाचा कागद भिजवायचा, त्यात कोशिंबिरीची पानं, काकडी, गाजर, पुदिना, तांदळाच्या शेवया, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, आणि गुंडाळायचं. शिजवणं जवळजवळ नाहीच. "आणि मला जमतात, आत्या. पकडायचं काही नसतं, नुसतं पुढे ढकलत न्यायचं. माझ्या डाव्या हाताला तेवढं येतं."

तिचा डावा हात. तो टाळून हे पुढे जाणार नाही, तेव्हा सांगून मोकळी होते.

भिंगरी शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मैदानातल्या लोखंडी दांडीवरून पडली आणि कोपराच्या वर हाड मोडलं. मोठ्या डॉक्टरांनी हाड बसवलं. प्लास्टर घालायला दुसरा माणूस पुढे झाला तर माझा भाऊ म्हणाला, "माझ्या पोरीला दुसऱ्याचा हात लागणार नाही." बाकीचे म्हणाले, गिलावा, स्वतःच्या पोराला घालू नकोस, हात कापतो. त्याचा हात कापला नाही. उलट, हाड सरकू नये म्हणून त्यानं पट्टी आवळून आवळून बांधली. सरकलेलं हाड पुन्हा मोडून बसवताना त्यानं पाहिलं होतं. पोरीवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्याच्या मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरगी रडत होती. आत चावतंय म्हणत होती. दुपारी रडणं थांबलं आणि ती म्हणाली, बोटं कळत नाहीत. माझी भावजय तिला उचलून दवाखान्यात निघाली होती. भाऊ दारात आडवा उभा राहिला. "हाडांच्या दवाखान्यात मी काम करतो की तू? प्लास्टरवाल्याची पोरगी आणि एवढं नाटक!" भावजयीनं पोरीला खाली ठेवलं. त्यानंतरच्या सकाळी नेलं तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. आतले स्नायू मेले होते. हात वाचला, म्हणजे अंगावर राहिला. मनगट आत वळलं, बोटं कायमची मिटली. भिंगरी मोठी झाल्यावर स्वतःच म्हणायची, "झाकली मूठ, आत्या." ऐकणाऱ्यानं हसायचं की काय करायचं?

घरात ठरलं ते असं, की हाडच वाईट मोडलं होतं. सगळे तेच बोलायचे. भाऊ काहीच बोलायचा नाही.

त्यानंतर त्याची सगळी प्लास्टरं सैल व्हायला लागली. हात सुटायचे, हाडं हलायची. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, शेवटी त्याला कोठीत बसवलं, कुबड्या आणि कमरेचे पट्टे द्यायला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. याला ताकाचा पेलाच हातात धरवेना. तिथूनच तो निवृत्त झाला. हसणं कधी थांबलं ते मला आठवत नाही, पण कोठीत गेल्यावर गिलावा म्हणून कुणी हाक मारली नाही.

तर असा हा माणूस म्हणाला, "ताई, ते रोल मी करतो. माझ्या हातचे."

सामान मी आणलं. सोबत बुडवून खायला म्हणून दुकानदारानं एक बाटली दिली. भिंग लावून वाचली तर आत मासा. "अहो, वीगन म्हटलं ना मी?" "बाई, मासा कुठे दिसतोय त्यात?" त्याला बाटली परत केली, दोन शब्दही सुनावले, आणि सॉस घरीच केला. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, सोया सॉस, लसूण, लिंबू, थोडी साखर.

सरावाला बसलो. भिजवणं त्याला दोनचार कागदांत साधलं. हात शेवटी कसबी माणसाचा. कोमट पाण्यातून कागद फिरवून काढायचा, पाणी निथळायचं, ओल्या फडक्यावर पसरायचा. पानं खाली, त्यावर शेवया, वर काकडी-गाजराच्या काड्या. इथवर देखणं काम. पण गुंडाळायला लागला की सगळं ओमफस. खालची कड वर आणायचा, दोन्ही बाजू आत दुमडायचा, आणि पुढे आवळायची वेळ आली की बोटं थबकायची. गुंडाळी अशी व्हायची, जशी मोठ्या भावाची विजार धाकट्याच्या कमरेला. उचललं की सगळं ताटलीत.

"घट्ट कर."

"करतोय."

"करत नाहीस. बोटांनी आत दाब आणि मग पुढे ने. फाटत नाही तो."

"फाटेल."

"फाटला तर दुसरा घे. अरे, तो कागद आहे, कुणाचा हात नाही!"

बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून ऐकवलं जातं. भावानं हात फडक्याला पुसले आणि तो स्टुलावर बसला. ओट्यावरचा कागद सुकत चालला, कडा वर वळायला लागल्या. मला वाटलं, आता उठून जाईल. तो म्हणाला, "नख पांढरंच राहिलं होतं, ताई."

"कसलं नख?"

"तिचं. त्या दुपारी. मी दाबून बघितलं होतं. पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं."

मी पाण्याखालचा गॅस बंद केला.

"प्लास्टर कापायची कात्री घरातच होती. कपाटात. उठून चार पावलं जायचं होतं. पण कापलं असतं तर सकाळी सगळे म्हणाले असते, बघ, सांगितलं नव्हतं? म्हटलं, संध्याकाळी उतरेल सूज. मग म्हटलं, सकाळी."

इतकी वर्षं मी समजत होते, याला कळलं नाही. बापाची माया, घाई, चूक. आणि हा मात्र नख दाबून, बघून, दारात आडवा उभा राहिला होता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वयाचा विचार करून नव्हे, हात ओले होते म्हणून मारली नाही.

"तिला सांगितलंस कधी?"

"नाही."

"तिच्या आईला?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग रोल काय खायला घालतोस? आधी ते सांग तिला."

"सांगणार आहे," तो म्हणाला. "पण आधी खाऊ दे. ऐकल्यावर ती माझ्या घरात पाणीही पिणार नाही. एकदा माझ्या हातचं खाऊ दे, मग सांगतो."

हा त्याचा बेत. आधी घास, मग कबुली. मला पटला नाही. पोरीला जेवायला बसवून फसवणंच झालं ते. तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही. तो म्हणाला, "हो." आणि दुसरा कागद भिजवायला घेतला.

भिंगरी आली ती दुपारी, खांद्याला कचेरीची पिशवी आणि पिशवीत डबा. केस बारीक कापलेले. एका हातानं वेणी घालता येत नाही. डाव्या हाताची बाही बोटांपर्यंत ओढलेली.

"काय आत्या, अजून टुणटुणीत?"

"मरायला फुरसत कुठे आहे? बस."

बापाला म्हणाली, "बरे आहात ना?" तो म्हणाला, "बरा आहे." झालं, संपलं दोघांचं संभाषण. मला त्यानं मुद्दाम थांबवून घेतलं होतं, नाहीतर ती दोघं भिंतीकडे बघत बसली असती. ती डबा काढायला वाकली तसं भावानं ताटलीवरचं ओलं फडकं उचललं. रोल एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पानं लावली होती. आतली हिरवी पानं, लाल गाजर कागदातून दिसत होतं. दिसायला सुरेख, हे मान्य करायला हवं.

ती बघत राहिली. "कुणी केले?"

"मी. मासा नाही कशात. तुझ्या आत्यानं बाटली भिंगानं वाचली."

"मग बाटलीची धडगत नसेल," ती म्हणाली, आणि तिनं डबा पिशवीतच ठेवला. माझ्या भावाचा चेहरा मी बघितला आणि मान वळवली. एवढ्याशा गोष्टीवर माणसानं इतकं उजळू नये.

तिनं उजव्या हातानं एक रोल उचलला, सॉसच्या वाटीत बुडवला, आणि तोंडाशी नेता नेता तो सुटला. शेवया, काकडी, पुदिना, सगळं ताटलीत. थोडं तिच्या बाहीवर. हातात राहिला नुसता कागद.

"सैल झालाय," भाऊ म्हणाला.

"हं."

"मी सैलच बांधतो."

"माहीत आहे. आई सांगायची."

ती दुसरा रोल उचलायला गेली. आता ती खाणार होती. त्याला हवं होतं ते पुढच्या घासात होणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर त्याचा हातखंडा. पण तो बोलला. का बोलला, मला विचारू नका. मी बेताला नावं ठेवली म्हणून असेल, किंवा ते पडलेलं सगळं बघून असेल.

"थांब. आधी ऐक. त्या दुपारी मी तुझं नख दाबलं होतं. ते पांढरं राहिलं. मला कळलं होतं."

भिंगरीनं हात मागे घेतला. बाहीवरची शेवई उचलून ताटलीत ठेवली. म्हणाली, "मी लहान होते, बाबा. आंधळी नव्हते."

भावानं हातातलं ओलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"तुम्ही नख दाबलंत. मग खिडकीकडे बघितलंत. मला वाटलं, खिडकीत काहीतरी आहे. मी पण बघितलं. काही नव्हतं." तिचा आवाज चढला नव्हता. नकाशावरचा रस्ता सांगावा तशी ती बोलत होती. "माझं सोडा. आईला का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"ती शेवटच्या आजारातही माझा हात चोळत बसायची. उचलून न्यायला हवं होतं गं, मी तुला खाली ठेवलं, म्हणायची. दार उघडं असायचं. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसलेले असायचात. ऐकू यायचं ना?"

"यायचं."

"मग?"

मला वाटलं, हिनं तरी आईला का नाही सांगितलं? तिनं माझ्याकडे बघितलं, जणू मी बोललेच. "मी नाही सांगितलं, आत्या. ते त्यांनी सांगायचं होतं. मी रोज वाट बघितली. ती गेली त्या दिवसापर्यंत."

पायरीवरचा तो पाव मला आठवला, आणि तो वारा.

भाऊ म्हणाला, "माफ कर, असं म्हणायला मला तोंड नाही."

"नाहीच," ती म्हणाली. "म्हणू नका."

वाटीतल्या सॉसवर साय धरल्यासारखा थर आला. शेवटी भिंगरीनं ताटली पुढे ओढली. कागद बाजूला सारला, सांडलेलं सगळं बोटांनी गोळा केलं, आणि खाल्लं. सावकाश, एकेक काडी. मिटलेला हात मांडीवर. सगळं संपवलं. ताटलीत कागद तेवढा उरला, ओला, चुरगळलेला. बाकीच्या रोलना तिनं हात लावला नाही. उठली, हात धुतले, नळाचं पाणी ओंजळीनं... ओंजळ तिची होत नाही. एका तळव्यानं प्यायली, आणि पिशवी खांद्याला लावली.

"येते, बाबा."

तो दारापर्यंत आला नाही. मी जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, "डबा तसाच राहिला की गं."

"गाडीत खाईन."

"त्याला काही सांगू का?"

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "सॉसमध्ये लिंबू जास्त झालंय," म्हणाली, आणि गेली.

आत आले तर भाऊ तिच्या ताटलीसमोर उभा. "खाल्लं ना तिनं?"

"आतलं खाल्लं."

"आणि कागद?"

"दिसतोय ना तुला? ठेवला."

त्यानं कागद उचलला, उजेडासमोर धरला, आणि कचऱ्याच्या बादलीत टाकायच्याऐवजी परत ताटलीत ठेवला. ते मला बघवलं नाही, म्हणून ताटली मीच घेऊन घासून टाकली.

भिंगरी पुन्हा आली नाही. कामाला माणसं आमच्या गावी पाठवायची कचेरीला गरज पडत नसावी. फोन करते, पण मला. त्याचं नाव काढत नाही. एकदाच, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "लिंबू कमी घालतात का आता?" मी म्हटलं, घालतो. ती म्हणाली, बरं.

आणि तो रोल अजून करतो. कागद संपले की मला आणायला पिटाळतो. भिजवणं बिनचूक, काड्या एकसारख्या, पुदिन्याचं पान बरोबर कागदाला लागून. आणि गुंडाळी तशीच, उचलली की सुटणारी. माणसाचा हात एकदा सैल झाला की झाला. मी जिना उतरून जाते, त्याच्यासमोर बसते, आणि ताटलीत सांडलेलं चमच्यानं खाते. घट्ट कर म्हणून आता सांगत नाही.